कॉव्हेंट्रीचा घरजावई

"पेढे आले का हो तुमच्याकडे?"

"आले की. चार."

"आमच्याकडे सहा," नाना म्हणाले आणि त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. नानांची कोपरं भिंतीवर टेकली की आमच्याकडचं दूध उतू जातं, हा अनुभव जुना आहे. म्हणून मी गॅस बंद करूनच बाहेर आले होते.

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या गल्लीत कोणाकडे काय आलं हे पेढ्यांच्या आधीच कळतं. या वेळी तर आवाजच आला. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या ओंकारने नवी मोटारसायकल घेतली आणि हार घातलेली ती गाडी गल्लीतून दोनदा फिरवली. एकदा देवळात जायला आणि एकदा आम्ही बघावी म्हणून.

"ट्रायम्फ घेतलीय," मी म्हटलं. "त्याची आई सांगत होती, लंडनची कंपनी आहे."

"लंडनची कुठली! कॉव्हेंट्रीची. आता हिंक्लीची. आणि ही गाडी तर तुमच्याआमच्या चाकणची. इथून वीसेक किलोमीटर."

नानांनी उभा जन्म भोसरीच्या एका टूलरूममध्ये काढलाय. डाय, जिग, फिक्श्चर यांच्याबद्दल ते ज्या मायेने बोलतात, त्या मायेने नानींबद्दल बोललेले मी तरी ऐकलेले नाहीत. तेव्हा गाड्यांची गोष्ट निघाली की मी त्यांना तोडत नाही. शिवाय या वेळी माझाही स्वार्थ होता. आमची धाकटी रोज हिंजवडीला जाते. स्कूटरला कंटाळलीय. मोटारसायकल हवीय, तीही जुन्या नावाची. ह्यांनी नेहमीप्रमाणे "आईला विचार" म्हणून पेपर वर केला. म्हणजे आता ओंकारच्या पेढ्यांना नुसतं "छान आहेत" म्हणून भागणार नव्हतं.

"पण नाना, इंग्लंडची ट्रायम्फ म्हणजे आठ-दहा लाख ना? त्या पोराला नोकरी लागून दिवस किती झाले?"

"मोठ्या आहेत तशा महाग. ही नाही. २०२३ चा जुलै आठवतो का? सोमवारी, तीन तारखेला, हार्ले डेव्हिडसनने हीरोबरोबर केलेली एक्स ४४० आणली. दोन लाख एकोणतीस हजारांपासून पुढे. बुधवारी, पाच तारखेला, बजाजवाल्यांनी ट्रायम्फची स्पीड ४०० आणली. दोन लाख तेहतीस. वर पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना दहा हजार रुपये कमी, म्हणजे दोन तेवीस. मधे एकच दिवस सोडला. ज्या नावांचे पोस्टर पोरं भिंतीवर लावायची, ती दोन्ही नावं एका आठवड्यात हप्त्याच्या टप्प्यात आली. ते पहिले दहा हजार नंबर बघता बघता भरले."

नंबर लावणं आपल्याला नवीन नाही. ह्यांच्या थोरल्या भावाने चेतकचा नंबर लावला तेव्हा ते कॉलेजात होते, गाडी दारात आली तेव्हा मास्तर झाले होते. फरक एवढाच, की तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून लोक थांबायचे. आता शंभर गाड्या हात जोडून उभ्या आहेत, तरी एकाच नावासाठी थांबतात.

"बरं, घराणं मूळ कुठलं?" मी विचारलं. घराणं म्हटलं की मूळ विचारलंच पाहिजे.

"मूळ जर्मन."

"काय सांगता!"

नाना खुश झाले. हा प्रश्न मी विचारावा म्हणून ते थांबले होते, हे मला कळलं. "झिगफ्रीड बेटमन नावाचा न्यूरेंबर्गचा माणूस. इंग्लंडात आला, सायकलींच्या धंद्यात शिरला, कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. १९०२ साली पहिली मोटारसायकल केली, तिला इंजिन बेल्जियमच्या मिनर्वा कंपनीचं. म्हणजे मालक जर्मन, इंजिन बेल्जियन आणि गाडी इंग्लिश. पुढे १९१३ मध्ये हा गृहस्थ कॉव्हेंट्रीचा महापौर झाला."

"परक्या देशात जाऊन महापौर? इथे प्राधिकरणातल्याला पिंपरीत कोणी विचारत नाही."

"ऐका तर. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन जन्माचा म्हणून त्याच माणसाला लोकांनी पदावरून उठवलं. आणि त्याच युद्धात इंग्रजी सैन्याचे निरोपे हिंडत होते कशावर? त्याच्याच कारखान्याच्या मोटारसायकलींवर. तीस हजारांच्या आसपास गाड्या गेल्या सैन्याकडे."

माणूस नको, त्याचं सामान चालतं. हे मी मनात म्हटलं, मोठ्याने म्हटलं नाही. आमच्या गल्लीत याचे दोन-तीन दाखले आहेत आणि त्यांतला एक भिंतीला कान लावून असतो.

"सिनेमातली गंमत तर आणखी वरची," नाना म्हणाले. "'द ग्रेट एस्केप', १९६३ चा. स्टीव्ह मॅक्वीन जर्मनांच्या कैदेतून पळतो, एका जर्मन सैनिकाची मोटारसायकल पळवतो आणि तारेच्या कुंपणावरून उडी मारतो. ती जर्मन गाडी म्हणजे रंग बदललेली ट्रायम्फ. आणि ती उडीही मॅक्वीनची नव्हे, त्याच्या दोस्ताची, बड एकिन्सची."

"म्हणजे जर्मनाने काढलेल्या इंग्लिश गाडीने जर्मन गाडीचं सोंग घेतलं, आणि टाळ्या घेतल्या भलत्यानेच?"

"लग्नानंतर मला पहिला इंग्रजी सिनेमा तोच दाखवला यांनी," मागून नानींचा आवाज आला. त्या पापड वाळत घालत होत्या. "अलका टॉकीजला. सगळे पळत होते. मी झोपले."

नानांनी तिकडे दुर्लक्ष केलं. मग त्यांनी ती लांबलचक पडझड सांगितली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना जमीनदोस्त झाला, नवा मेरिडन गावाजवळ उभा राहिला. साठच्या दशकात अमेरिकेत ट्रायम्फच्या बॉनव्हिलचा दबदबा होता, मग जपानी गाड्या आल्या. त्या सकाळी एका खटक्यात सुरू व्हायच्या आणि खाली तेल सांडायच्या नाहीत. इंग्लिश गाड्यांचं तसं नव्हतं. १९७३ मध्ये मालकांनी मेरिडन बंद करायचं ठरवलं तेव्हा कामगारांनीच कारखाना अडवून धरला, पुढे सहकारी संस्था काढून तो चालवला. हे सांगताना नानांचा आवाज चढला. युनियनचे दिवस आठवले असणार. पण १९८३ मध्ये तेही संपलं.

"आणि ते बुडालेलं नाव घेतलं कोणी? जॉन ब्लूर. बिल्डर."

"तिथेही बिल्डरच!"

"पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिलाव्याच्या कामाला लागलेला माणूस. मेरिडनच्या जागेवर आज घरं आहेत आणि तिथल्या एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज. पण त्याने नाव मात्र पुरलं नाही. काही वर्षं गाजावाजा न करता हिंक्लीला नवा कारखाना उभारला, कोऱ्या कागदावरून नवी इंजिनं काढली आणि १९९० मध्ये जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात गाड्या मांडल्या. आज जी काही ट्रायम्फ आहे ती त्या गवंड्याची."

मला हा माणूस आवडला. जुनं नाव घेऊन त्यावर जुनाच माल खपवणारे पुष्कळ असतात. याने नाव जुनं ठेवलं आणि आतलं सगळं नवं केलं.

"मग बजाजशी कसं जुळलं?"

"२०१७ मध्ये बोलणी जाहीर झाली. २०२० च्या जानेवारीत पुण्यात रीतसर करार. गाडी दारात यायला २०२३ उजाडलं. डिझाइन हिंक्लीचं, कारखाना चाकणचा, पुरवठादार आपले. आणि इथून ती जगभर जाते, इंग्लंडातसुद्धा."

"म्हणजे घरजावई," मी म्हटलं. "नाव त्यांच्या घराण्याचं, राहायला मात्र आपल्याकडे."

नानांना ते इतकं पटलं की त्यांनी ते पुढे पंधरा मिनिटं स्वतःचं म्हणून वापरलं.

"पण नाना, ओंकारचे वडील काल ह्यांना म्हणत होते, 'चाकणला बनते ती कसली खरी ट्रायम्फ?' मुलाने स्वतःच्या पैशाने घेतली, तरी बापाला त्यात खोट काढायची हौस."

"त्यांना म्हणावं, मोठ्या ट्रायम्फ कुठे बनतात ते बघा आधी. वीस वर्षांहून जास्त झाली, थायलंडमध्ये चोनबुरीला त्यांचे कारखाने आहेत. दहा लाख मोजून जी 'अस्सल' इंग्लिश ट्रायम्फ लोक घेतात, तीही बहुतेक तिथलीच. तिला कोणी विचारत नाही. चाकण म्हटलं की मात्र नाक मुरडायचं! अहो, बजाजने केटीएममध्ये हिस्सा घेतला २००७ साली, साडेचौदा टक्के. २०११ पासून चाकणच्या ड्यूक निघाल्या आणि युरोपातली पोरं त्या चालवायला लागली. आज तर केटीएमचीच सूत्रं बजाजच्या हातात आहेत. चाकणला काय येत नाही?"

"चाकणला रस्ता येत नाही," नानी म्हणाल्या.

हे मात्र कोणालाच खोडता आलं नाही. जगभर जाणारी गाडी चाकणच्या तळेगाव चौकातून बाहेर पडायलाच सगळ्यात जास्त वेळ घेत असणार.

"आणि छोटी गाडी काढली म्हणजे घराण्याला कमीपणा आला, हा दुसरा गैरसमज," नाना पुन्हा सुरू झाले. "१९५३ साली याच ट्रायम्फने टेरियर नावाची दीडशे सीसीची गाडी आणली. लोक हसतील म्हणून त्यांचा मुख्य माणूस एडवर्ड टर्नर स्वतः दोन सहकाऱ्यांना घेऊन तीन टेरियरवर बसला आणि इंग्लंडच्या दक्षिण टोकापासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत गेला. सुमारे हजार मैल. साहेब लोक, कोट घालून, दीडशे सीसीवर! त्यानंतर दोनशे सीसीची टायगर कब आली, ती १९६८ पर्यंत चालली. कामगार, विद्यार्थी, नोकरीवर जाणारे लोक, सगळे तीच घ्यायचे. मोठेपणा नंतर आला. ज्याला हे लोक 'हेरिटेज' म्हणतात त्यातला निम्मा हेरिटेज रोज कामावर जाणाऱ्यांच्या गाड्यांचा आहे."

हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या गप्पांमधलं हेच खरं कामाचं होतं. या जुन्या कंपन्या मोठ्या झाल्या त्या गरजेच्या गाड्या करून. मग त्या शौकीनांच्या मागे लागल्या, गाड्या फुगवत गेल्या, किमती फुगवत गेल्या आणि म्हातारी गिऱ्हाइकं सोडून कोणी उरलं नाही तेव्हा त्यांना पुन्हा शहरातल्या नोकरदार पोरांची आठवण झाली. उपकार कोणी कोणावर करत नाहीये.

"पण सगळ्यांना जमतं असं नाही हं," नाना म्हणाले. "हार्लेचंच बघा. २०१४ मध्ये त्यांनी स्ट्रीट ७५० आणली. हरयाणात बावलला बनायची. शहरात चालवायची स्वस्त हार्ले, म्हणून आणली."

"स्वस्त म्हणजे?"

"चार लाख दहा हजार."

"तेव्हाचे?"

"तेव्हाचे. त्यांच्या मानाने स्वस्त, आपल्या मानाने नाही. आणि हात कुठे आखडता घेतला ते डोळ्याला दिसायचं. वायरी बाहेर, ब्रेकबद्दल तक्रारी. परीक्षण लिहिणाऱ्यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं. २०२० मध्ये हार्लेने इथलं उत्पादन बंद केलं आणि महिन्याभरात हीरोचा हात धरला. त्यातून ती एक्स ४४० आली. तोवर शहाणपण आलं होतं. स्वस्तात गाडी करायची तर ती करायची सवय असलेल्याच्या कारखान्यात करावी."

टूलरूमचा माणूस याहून वेगळं काय बोलणार! पण मला पटलं. किंमत कमी करणं हे स्वतंत्र कसब आहे. दहा लाखांच्या गाडीतून एकेक वस्तू काढत दोन लाखांपर्यंत उतरता येत नाही. दोन लाखांपासूनच सुरुवात करावी लागते. स्पीड ४०० चं इंजिन ३९८ सीसीचं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, चाळीस हॉर्सपॉवरचं. ते कुठल्या मोठ्या इंजिनाला कापून केलेलं नाही, या गाडीसाठीच नव्याने आखलेलं आहे. सर्व्हिस सोळा हजार किलोमीटरला. नानांनी हा आकडा दोनदा सांगितला. त्यांची येझ्दी दर रविवारी अंगणात उघडलेली असायची, त्यांना तो आकडा दंतकथेसारखा वाटतो. येझ्दीचं किकचं दांडकं पुढे वळवलं की तेच गिअरचं व्हायचं, हे ते अजून प्रत्येक नव्या माणसाला सांगतात.

"तिला मागे बसायला जागा आहे का पण?" नानींनी पापडांवरून विचारलं. "काल ओंकारची आई बसली होती. एका बाजूला पाय सोडून. मला बाई भीतीच वाटली."

"साडीगार्ड आहे तिला," मी म्हटलं, कारण ते मी स्वतः वाकून बघून आले होते. त्या देखण्या गाडीच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूने लोखंडी जाळी. ओंकारचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "काकू, ते मी काढणार आहे," म्हणाला.

"काढू नको म्हणावं!" नाना एकदम गंभीर झाले. "आपल्या मोटार वाहन नियमांत आहे ते. मागच्याला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, कपडा अडकू नये म्हणून. बेटमनसाहेबाच्या घराण्याची असली तरी पुण्यात साडी जपावीच लागते तिला."

ओंकार ते काढणारच. ही पोरं जाळी काढतात, आरसे काढतात, सायलेन्सर बदलतात आणि मग गल्लीतली कुत्री आणि म्हातारी माणसं दोन्ही जागी होतात. त्याच्या आईला मी सांगून ठेवलंय, सायलेन्सर बदलला त्या दिवशी पेढे परत देईन.

शेवटी मी मुद्द्यावर आले. "नाना, आमची धाकटी मोटारसायकल घ्यायची म्हणतेय."

भिंतीपलीकडे शांतता. नानी पापड सोडून आल्या. बातमी होती ना!

"बुलेट?" नानींनी विचारलं. आमच्या पिढीला जुनं नाव एकच माहीत.

"बुलेट नाही. त्यांचीच, पण हंटर म्हणून आहे."

"मग तर नीट बोलायला हवं," नाना म्हणाले आणि घरातून चष्मा घेऊन आले. बोलायला चष्मा कशाला लागतो हे मी कधी विचारलेलं नाही.

रॉयल एनफिल्डची कुळकथा त्यांनी थोडक्यात आटपली. रेडिच हे सुयांचं गाव, सुया करणाऱ्या कारखान्यातून हे घराणं निघालं. बुलेट १९३२ ची. आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ मध्ये मद्रासला कारखाना आला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी मेली आणि मद्रासची जगली. १९९४ मध्ये ती आयशरने घेतली. "म्हणजे इथे कोणी जावई राहिलेला नाही. इथे सगळं घरच आपलं झालं."

"आणि हंटर?"

"२०२२ च्या ऑगस्टची. दीड लाखाला सुरू झाली. इंजिन तेच, ३४९ सीसीचं, क्लासिकमध्ये आहे तेच. पण गाडी आखूड केली, चाकं लहान केली, सतरा इंचांची, आणि वजन उतरवलं. बुलेट हवी पण बुलेट झेपत नाही अशांसाठी. अडीच वर्षांत पाच लाख गेल्या. आधी लोक म्हणत होते, बुलेटवाल्यांनी असली पोरकट गाडी काढायला नको होती."

"ट्रायम्फची ताकद चाळीस म्हणालात. हिची?"

"वीस."

"निम्मी!"

"वहिनी, निगडीहून हिंजवडीला जाताना ती चाळीस कुठे लागणार? डांगे चौकात? सकाळी नऊ वाजता तिथे ताकदीची गरज नसते, डाव्या हाताची असते. क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा. मनगट मोडतं. शहराच्या गाडीला क्लच हलका हवा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न अडखळता रांगली पाहिजे आणि मांड्यांना चटका बसायला नको. हंटरचा क्लच २०२५ मध्ये हलका केला, मागचं सस्पेन्शनही सुधारलं. आधीचं खड्ड्यात पाठीला लागायचं. हे ट्रायम्फवाल्यांच्याही लक्षात आलंय. २०२४ मध्ये त्यांनी स्पीड टी४ काढली, तिची ताकद मुद्दाम उतरवली, एकतीसवर आणली, पण खालच्या वेगात ओढ वाढवली आणि किंमतही कमी ठेवली. शोरूममध्ये पोरं नाक मुरडतात, आकडा लहान म्हणून."

"आणि उंची? तिची उंची तुम्हाला माहीत आहे."

"सीट ७९० मिलिमीटर. पाय पोचतील तिचे. पण वजन १८१ किलो आहे, हे विसरू नका. ट्रायम्फही जवळपास तेवढीच. चालवताना वजन कळत नाही. कळतं ते पार्किंगमध्ये. पुढे भिंत, मागे चढ, डावीकडे कोणाची तरी स्कूटर, आणि गाडी उलटी काढायचीय. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो."

आमच्या गल्लीतल्या जुन्या पुरुषांपैकी एकानेही "मुलीच्या जातीला मोटारसायकल कशाला" असं न म्हणता वजनाचा आकडा सांगितला, याची मी मनात नोंद घेतली. मी स्वतः लूनावर नोकरीला गेलेय. पन्नास सीसी आणि पायडल. चढावर पायडल मारत जाताना लोक वळून बघायचे. त्याच गाडीने पुण्यातल्या कितीतरी बायकांना घराबाहेर काढलं, आणि तिला कोणी कधी हेरिटेज म्हटलं नाही.

"आता पैशांचं ऐका," नाना म्हणाले. पेढ्यांचा रिकामा खोका त्यांनी उलटा केला आणि खिशातलं पेन काढलं. "२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला पूर्वी २८ टक्के होता, तो झाला १८. ३५० च्या वर पूर्वी २८ आणि ३ टक्के सेस, म्हणजे ३१. तो झाला ४०. आता कर लागण्याआधी दोन लाखांची गाडी धरा. ३४९ सीसीची असेल तर कर छत्तीस हजार. ३९८ ची असेल तर ऐंशी हजार. ४९ सीसीसाठी चव्वेचाळीस हजारांचा फरक."

"मग ओंकारला भुर्दंड बसला म्हणा."

"ट्रायम्फवाल्यांनी वाढलेला कर सुरुवातीला स्वतःच सोसला, गिऱ्हाइकावर टाकला नाही. पण कंपनी किती दिवस सोसणार, हे कंपनीच ठरवते. एनफिल्डचं मात्र फावलं. हंटरची सुरुवात दीड लाखावरून एक लाख अडतीस हजारांच्या आत आली. सरकारने छोटी-मोठी गाडी कशाला म्हणायचं ती रेघ नेमकी त्यांच्या इंजिनाच्या एक सीसी वर मारली."

"योगायोग?"

नानांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. अशा प्रश्नांना ते भिंतीवरून उत्तर देत नाहीत.

"आणि एक," जाताना ते म्हणाले, "ही सगळी एक्स-शोरूम किंमत. आरटीओ, विमा वेगळा. आणि शोरूमवाले 'हँडलिंग' म्हणून काहीतरी लावतात, ते कसलं, असं विचारायचं. विचारलं की बरेचदा निघून जातं."

नानी पापड उलटायला गेल्या, मी दूध पुन्हा गॅसवर चढवलं. माझं मत झालंय. ओंकारची गाडी दिसायला सुरेख आहे, बनावट चोख आहे, रविवारी लोणावळ्याला जायचं तर तीच घ्यावी. पण रोज हिंजवडी गाठणाऱ्या मुलीला वीस हॉर्सपॉवर पुरे, आणि वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि जॅकेट येतं. धाकटीला हंटर. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, पेपर खाली आला की सांगेन.

तुमच्याही घरात कोणी अशा जुन्या नावाच्या छोट्या गाडीसाठी हट्ट धरून बसलं असेल, तर बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक करा. शोरूमवाले टेस्ट राइडला गाडी सरळ रस्त्यावर पुढे चालवायला देतात. तुम्ही इंजिन बंद करायला लावा, चढ पाठीमागे ठेवा आणि जो रोज चालवणार आहे त्याला ती एकट्याने उलटी ढकलून बाहेर काढायला सांगा. असं करू देत नाहीत, मागून घ्यावं लागतं. मागा.